आवाजाचं काम

शेजारचे चाचा शोभेची दारू बनवतात. माझी फोडणी ऐकून भिंतीपलीकडून सांगतात, "बेटी, तेल तापलं नाई."

यंदा दसऱ्याला अमरावतीत आतषबाजीऐवजी ड्रोन आले आणि चाचांचं काम गेलं. तरी ते बघायला आले. आकाशात दिव्यांचा रावण उभा राहिला आणि मुकाट्यानं विझला. टाळ्या कधी वाजवायच्या, कोणालाच कळेना. तेव्हा चाचा तोंडानंच ओरडले, "धडाम." सारं मैदान हसलं, मग टाळ्या पडल्या.

चाचा ड्रोनवाल्याकडे गेले. "तुमाले आवाज नाई, मले काम नाई. पुढच्या साली आवाजाचं मले द्या."

तो नुसता हसला. मी मागेच उभी होते. परक्या माणसाशी मी कधी बोलत नाही, पण म्हणाले, "हसता कावून? द्या ना त्यायले."