वाळकाचा वास

पुसेगावच्या शिवारात आता भादव्यात वाळकाचा वास येत नाही. सगळीकडं सोयाबीन, त्यावर तणनाशकाचा फवारा, आणि त्या फवाऱ्याखाली वेल कुठला टिकतो? फक्त लक्ष्मीबाईच्या दोन ओळी सुटायच्या. ती तिची इरवड. अंबाडी, कारळं, तीळ, मूग आणि बांधाकडं काकडीच्या जातीचं, पिकलं की उकलणारं वाळूक, असं मिसळीचं बी ती स्वतःच्या हातानं टाकायची. इरवडीत निघेल ते घरच्या बाईचं, हा जुना कायदा. तिचा लेक रत्नपाल तिथवर आला की पंप बंद करायचा.

नवरा जळबा होता तेव्हा वेलावर उकललेलं पहिलं वाळूक उपरण्यात बांधून आणायचा. त्याच्या आधी वासच दारात यायचा. चुलीपुढून मान न वळवता ती म्हणायची, "आलात व्हय?" जळबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तरी भादव्यात, वाळूक उकललं की, एखाद्या संध्याकाळी तिच्या तोंडून ते निघून जायचं. तेवढ्यासाठी ती वर्षभर बी जपायची. राखेत घोळून, शेणाच्या गोळ्यात दाबून, मागच्या भिंतीला थापून. शेणातल्या बियाला कीड लागत नाही.

यंदा पेरणीच्या तोंडावर ती मागं गेली, तर भिंतीवर नुसता गोल डाग.

"पुनम, इथली गोवरी?"

पुनम तिची सून, उन्हाळ्यात लग्न होऊन हिंगोलीहून आलेली. "गॅस संपलता न, आत्या. चुलीत घातली. भिंतीवरची गोवरी म्हंजे गोवरीच न?" मग सासूचं तोंड बघून ती घाबरली. "काहून? काय होतं तिच्यात?"

त्या गोवरीवरचा चहा लक्ष्मीबाईनंही घेतला होता. चांगला झाला, असंही म्हणाली होती.

गावात बी कुणाकडं नव्हतं. शेवटी तिनं कनेरगाव नाक्याला लेकीला, करुणाला, फोन लावला. करुणाचा नवरा तिथं ढाबा चालवतो.

"माय, तू पदराला बांधून दिलं होतं न सासरी येताना? मला कुठं शेत? भांडे धुतल्याचं पाणी जाते तिकडं टाकलं. दरसाल आपोआप उगून राहिलं. भादव्यात ये."

तिनं वाट पाहिली. भादव्यात एसटीनं गेली. ढाब्यामागं, टायरांवर, पिंपावर, तुटक्या बाजेवर वेल चढले होते. उकललेलं एक वाळूक तिनं नाकाशी धरलं. आधी खरबुजाचा गोड वास आला. त्याच्या खाली, खूप खाली, तिचं वाळूक होतं.

"बराबर हाये का?"

"अर्धं."

करुणा हसली. "ट्रकवाले खरबूज खाऊन बिया इथंच थुकतात. झाली सोयरीक."

"कोणाला न इचारता. तुझ्यासारखीच."

"मग? तकलीफ हाये का मला काही?"

"न्हाई ग बाई. सुखी हाईस."

लक्ष्मीबाई वाकून वाकून वेल धुंडत राहिली. एकेक फळ हुंगायचं, गोड वाटलं की सोडायचं. उन्हं कलली तेव्हा एक सापडलं, त्यात खरबूज सगळ्यात कमी होतं. याचंच बी पेरायचं. पुढच्या साली पुन्हा हुंगायचं, पुन्हा निवडायचं.

"असं निवडत पहिल्यासारखं व्हायला किती सालं लागतील, माय?"

लक्ष्मीबाईनं फळ पदरात बांधलं.

बसमध्ये गर्मीनं ते आणखी उकललं. घरी पोचली तेव्हा पुनम चुलीपुढं होती, दाराकडं पाठ करून.

"आत्या, आलात व्हय?" पुनमनं मान न वळवताच विचारलं. "कशाचा वास येऊन राहिला?"

लक्ष्मीबाई उंबऱ्यातच थांबली. जळबा आत शिरताना वाकायचा, तिथं.