जबड्यापाशी तुटलेल्या पट्ट्या

आमच्या प्रयोगशाळेत काचेचे धागे आणि राखेची बारीक पूड रेझिनमध्ये घालून पट्ट्या बनवायचो आणि मशीनमध्ये ओढून तोडायचो. पट्टी मधोमध तुटली की तिचा आकडा धरायचा. मशीन पट्टी जिथे पकडतं त्या जबड्यापाशी तुटली की नमुना बाद. जबडा आवळतो म्हणून ती तुटली, मालाचा दोष नाही, असं समजायचं. ही रीत आमचीच नाही, सगळीकडे असंच करतात. धागे किती, पूड किती, तर माल किती भार सोसेल, हे सांगणारं कॉम्प्युटरवरचं मॉडेल माझं. बाद पट्ट्या कचऱ्यात गेल्या की उरलेल्यांशी ते असं काही जुळायचं की माझे गाइड, सर, एकदम खूश!

या मालाचं कृत्रिम पाऊल बनवायचं ठरलं होतं. गुडघ्याखालच्या नळीला ते बोल्टने जोडायचं. आणि चाचणीसाठी पहिलं नाव दिलं ते माझ्या बाबांनी. शुगरपायी त्यांचा डावा पाय गेला होता. खडकीच्या कारखान्यात जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस, आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी बसून कोणी स्कूटर कुठे लावली यावर चिडचिड करायचा. कुणाचा हात न धरता जिना उतरून खाली जायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, पाऊल बोल्टने कायमचं आवळलेलंच असणार ना? मग त्या बाद पट्ट्या हिशेबात धरायला हव्यात. पूड एका जागी गोळा होते, तिथे धाग्यांची पकड सुटते."

"अहो, भावनेच्या भरात विज्ञान होत नसतं. वडिलांची एवढी काळजी असेल तर त्यांचं नाव काढून घ्या. दुसरे पुष्कळ आहेत."

दुसरे म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी बाबाच की! संताप संताप झाला. घरी येऊन बाबांना स्पष्ट सांगितलं, "ते पाऊल घालू नका. मॉडेल माझंच आहे, मीच सांगतेय."

"तुझं आहे म्हणून तर घालणार," बाबा म्हणाले आणि हसले. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते. मी भांडले, रडले, अबोला धरला. ते ऐकतायत कसले!

काही आठवडे ते हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि बाबा दार उघडून निघाले. आवाज ऐकून धावले तर ते जिन्याच्या वळणावर पडलेले. पाऊल बोल्टपाशी तुटून, बूट-मोज्यासकट दोन पायऱ्या खाली गेलेलं. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त, शुगर वाढलेली, ऑपरेशन करता येणार नाही, डॉक्टर म्हणाले.

सर हॉस्पिटलमध्ये सफरचंदं घेऊन आले. "नेमकं काय झालं?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच बोलले, "पाऊल उत्तम होतं हो. पायरी ओली होती, मी घसरलो. पडल्यावर ते मोडलं." सरांनी तसं लिहून घेतलं, खाली बाबांची सही घेतली आणि "वाटेल बरं लवकर," असं म्हणून निघून गेले.

"का खोटं बोललात?" मी ओरडलेच. "आता तेच पाऊल आणखी लोकांना लावतील!"

"तुझी पीएचडी व्हायचीय अजून," बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

मला त्यांचा इतका राग आला होता की त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोलले नाही. बसून सगळं खरं लिहिलं आणि चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीकडे पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: पाऊल वापरणाऱ्याचा स्वतःचा जबाब वेगळा आहे, तो त्यांच्याकडून बदलून आणावा, मग विचार करू.

तोवर बाबा गेले होते.