मामांच्या पोटातला पुरावा

आमच्या अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात कशावरही न तपासता विश्वास न ठेवणारा एकच माणूस जन्माला आला, आणि तो नेमका माझा थोरला मामा झाला. मामा वीज मंडळात वायरमन होते. नोकरी संपली, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही गेला नाही. धाड या गावातल्या त्यांच्या घरी कोणी नवा पंखा, नवा मोबाईल किंवा नवा विचार घेऊन आला, की मामांचा हात आधी खिशाकडे जातो. माझ्या भावासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांच्या बशा यायच्या आधीच मामा उठले, कूलरला टेस्टर लावला आणि भरल्या बैठकीत जाहीर केलं, "याले अर्थिंग नाही. पोरगी चांगलीच असंन, पण पह्यले अर्थिंग करून घ्या." लग्न झालं, पण अर्थिंग आधी झालं. मुलाकडच्या मंडळींपैकी फक्त मामांचंच आपल्या वडिलांनी मनापासून ऐकलं, असं वहिनी अजून सांगते.

मला अक्षरओळख झाली ती मामांच्या पत्रकांवर. इतर मुलं 'कमळ' वाचत होती तेव्हा मी 'फसवणूक' हा शब्द न अडखळता वाचत होते. पत्रकं मामा स्वतः लिहीत, स्वतः छापून आणत आणि आठवडी बाजारात स्वतः वाटत. सगळ्यांचं सार एकच: आधी तपासा, मग माना. बाजारात जडीबुटीवाल्याची चटई जिथे पसरलेली असे, त्याच्या बरोबर समोर मामा उभे राहत. 'झाडाच्या मुळ्यांच्या पुडीनं रोग जात नाही. साखरेची गोळी दिली तरी माणसाला चार दिवस बरं वाटतं, कारण त्याला बरं वाटायचंच असतं' असं ते पत्रक सांगे. जडीबुटीवाला मोठा शांत माणूस. वाटून उरलेली पत्रकं तो मामांकडून आदरानं मागून घेई आणि त्यातच पुड्या बांधी. मामांना याचा राग नव्हता. "त्याच्यापायी माहं पत्रक पार तिकडं वरवट बकाल गावापावतर पोचते," ते म्हणत. माझ्या रक्तात जो काही विस्तव आहे तो त्या चटईसमोर पेटलेला आहे. आमच्या भागात बाजाराच्या दिवशी मूळव्याधीच्या उपचाराचे तंबू लागतात, आणि आतड्यात डोकावणाऱ्या कॅमेऱ्यासाठी माणसाला जिल्ह्याबाहेर जावं लागतं. याचा मला आजही संताप येतो, आणि आला पाहिजे.

त्या कॅमेऱ्याची गरज एके दिवशी मामांनाच पडली. शौचातून रक्त गेलं. त्यांनी ते आठवडाभर लपवलं, मग मामीनं त्यांना धरून संभाजीनगरला नेलं. मीही गेले. मोठ्या आतड्यात दोन पॉलिप निघाले, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेले मांसाचे मोडच. डॉक्टरीणबाई तरुण आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. मोड त्यांनी तिथेच काढले आणि सांगितलं, "हा कॅन्सर नाही. पण राहू दिले असते तर पुढे होऊ शकला असता. असे मोड परत येतात, म्हणून वर्षानं पुन्हा तपासायचं." मामांनी विचारलं, परत येऊच नये म्हणून काय? बाईंनी जे खरं ते सांगितलं. दारुहळदीसारख्या झाडांत बर्बेरीन नावाचं एक द्रव्य असतं, त्याच्या गोळ्या देऊन परदेशात अभ्यास झालेत, मोड परत येण्याचं प्रमाण त्यात कमी दिसलंय. "पण ती मोजून दिलेली गोळी होती, बाजारातली पूड नव्हे. तुम्हाला शुगरच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे स्वतःच्या मनानं काहीही घ्यायचं नाही. आणि काहीही घेतलं तरी तपासणी चुकवायची नाही."

माझी समजूत होती की बाईंचं बोलणं आम्ही तिघांनीही ऐकलं. ऐकलंही, पण मामांनी 'अभ्यास झालेत' इथवर ऐकलं, मामीनं 'घ्यायचं नाही' तेवढं ऐकलं, आणि मी पूर्ण ऐकून पूर्ण गोंधळले. झाडाची मुळी म्हणजे फसवणूक हे मला पाळण्यात शिकवलेलं. आता त्याच मुळीच्या बाजूनं विज्ञान उभं होतं, तेही 'पण' म्हणत, अर्धा पाय बाहेर ठेवून. पत्रकात 'पण' कुठे लिहायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या बाजाराला मामा नेहमीच्या जागेवर उभे राहिले नाहीत. रस्ता ओलांडून ते चटईपाशी गेले. मी पाहत होते.

"या वायरमनसाहेब," जडीबुटीवाला म्हणाला. "आज इकडून काऊन?"

"दारुहळद आहे का?" मामांनी इकडेतिकडे बघत विचारलं.

"आहे न. कोनाले पाह्यजे?"

"पाहुण्याले."

"पाहुण्याची तब्येत बरी आहे न?" असं विचारून त्यानं पूड मोजली आणि बांधून दिली. कागदावर ठळक अक्षरांत होतं: आधी तपासा, मग माना.

घरी येऊन मामांनी पुडी मामीच्या हवाली केली. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. संपली की पुढच्या बाजारात नवी. महिन्याभरात मामांचं रूपच पालटलं. "पोट कसं हलकं वाटून राह्यलं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. झोप सुधारली, गुडघा वाकायला लागला, आवाजसुद्धा मोकळा झाला म्हणे. माझ्या वडिलांना त्यांनी प्रयोगात ओढायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पूड न घेणारा दुसरा माणूस तुलनेला लागतो. वडील म्हणाले, "मी आताही घेत नाही. मंग मी कायले प्रयोगात?" मामा खूश झाले. "तेच त तुह्यं काम हाय, भाऊजी! काहीच करू नको." वडिलांनी ते काम मन लावून केलं.

वर्ष भरलं. तपासणीची तारीख आली आणि गेली. मामा हलेनात. मी तावातावानं धाडला पोचले.

"मामा, जन्मभर लोकांना सांगितलं तपासा, आणि स्वतः?"

"आयक न वं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "कॅमेऱ्यात काही नाही निघालं, त ते पुडीनं नाही निघालं का तसंही निघनार नव्हतं, हे कळन का? आन् निघालं, त पुडीपायी कमी निघालं का जास्त, हे कळन का? दोन्हीकडून कळत नसन त जायचं कायले?"

युक्तिवाद चुकीचा होता एवढं दिसत होतं. कुठे चुकतोय ते सापडेना. तेवढ्यात मामी पदराला हात पुसत बाहेर आली.

"ते मेथी व्हय," ती म्हणाली.

"काय मेथी?"

"तुमी रोज घेता ते. मेथीची पूड आन् आपली घरची हळद. तुमची मुळी मी पह्यल्या दिवसापासून पपईच्या बुडाशी टाकून राह्यली. डॉक्टरीणबाईनं नाही म्हनलं होतं, तुमाले आयकू नाही आलं. मले आलं."

मामा बाजेवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून आधी राग सरकून गेला, मग आश्चर्य, आणि मग, खोटं सांगत नाही, शुद्ध आनंद. "म्हंजे मेथीनं माहा गुडघा वाकला?" त्यांनी मला विचारलं. "पाह्य वं पोरी! मी म्हनत होतो न, साखरेच्या गोळीनंही बरं वाटते!" स्वतःच आपल्या पत्रकाचा पुरावा ठरल्याचा अभिमान त्यांना क्षणभर आवरेना. मग तो विझला. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे वर्षभर मी बिनऔषधाचा तसाच होतो." आणि मामीकडे न बघता, "मले भेव लागते, बाई."

"मले काय लागत नाही?" मामी म्हणाली. "उद्या फोन लावते डॉक्टरीणबाईले."

मामा तपासणीला तयार झाले. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट औषधी पाणी पिताना त्यांनी जगातल्या यच्चयावत डॉक्टरांचा उद्धार केला. तपासणीच्या खोलीत त्यांना आडवं केलं तेव्हा भूल चढायच्या आधी आतून एकच प्रश्न बाहेर ऐकू आला: "मशीनले अर्थिंग केलं हाय न?" एक मोड निघाला, बारीक. काढून टाकला. "आलात ते बरं केलंत. आता पुन्हा काही वर्षांनी तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मामांनी विचारलं, खरी गोळी घेतली असती तर हा आला नसता का? बाई म्हणाल्या, "एका माणसाबद्दल ते कोणीच सांगू शकत नाही, काका. गोळी द्यायची का, ते तुमची शुगर वगैरे बघून मग बोलू." मामांनी मान हलवली. वाद घातला नाही. त्यांना वाद न घालता उठताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

परतीच्या एस.टी.त मामी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मामा कितीतरी वेळ बाहेरची मक्याची शेतं बघत बसले. भूल उतरली होती, पण कुठेतरी थोडी राहिली असावी. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पुन्हा यायचं म्हनते डॉक्टरीणबाई. काही वर्षानं. तवा तू येशील न वं संगं?"

काही वर्षांनी मी कुठे असेन, मामी असेल का, मामा स्वतः असतील का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं.

"हाव, येईन," मी म्हटलं.

कशावरून, असं त्यांनी विचारलं नाही.