मीठ आणि रेती

माझा धाकटा दीर यशवंत सावंतवाडीच्या इस्पितळात वारला, हे कळलं तेव्हा मी अंगणात नारळ सोलत होते. राहिलेले सोलून झाल्यावरच उठले. पंधरा दिवसांनी मिठबावच्या शाळेत शोकसभा झाली. तिथे त्याला ऋषी म्हणाले, विज्ञानाचा उपासक म्हणाले... हीच माणसं तो जिवंत असताना त्याला खुळा मास्तर म्हणत. मीही म्हणत होते, पण तोंडावर.

स्वातंत्र्यानंतर सहा-सात वर्षांनी गावात एक शेतकी साहेब आला आणि माडाच्या आळ्यात मीठ घालणं अडाणीपणा आहे असं सांगून, चहा पिऊन गेला. गाव म्हणालं, आम्ही बापजाद्यांपासून घालतो. दोघांपैकी कोणीही कधी नारळ मोजले नव्हते. यशवंताने घरचे वीस माड घेतले, एक सोडून एकाला चुन्याचा पट्टा मारला आणि पट्टेवाल्यांचं मीठ बंद केलं. "सायबान सांगल्यान म्हणान नाय, आजान सांगल्यान म्हणान नाय. माड काय सांगतत ता बघूया," म्हणाला.

वहीत चार आकडे लिहायला दहा माड अळणी ठेवायचे, हे मला पाप वाटलं. तो शाळेत गेला की मी पट्टेवाल्यांनाही ओंजळभर मीठ टाकायची. तीन वर्षं. शेवटी दोन्हीकडे नारळ सारखेच भरले. मीठ फुकट जातं असं लिहून तो वेंगुर्ल्याला बागायतदारांपुढे वाचायला निघाला. आदल्या संध्याकाळी पायरीवर बसून मला वाचून दाखवलं. ते ऐकून सगळा किनारा मीठ बंद करणार, तेही माझ्या ओंजळीमुळे... मी सांगून टाकलं.

"वयनी, तीन वर्सां गेली गो माजी."

"तुजी गेली. माडांची नाय."

तो वेंगुर्ल्याला गेला नाही. कागद फाडला नाही, त्यावर आडवं लिहिलं, 'सर्व माडांना मीठ पडले. निष्कर्ष नाही.' कोणी टाकलं ते लिहिलं नाही. खरेपणा मिरवणाऱ्या माणसाची तेवढी एक लबाडी.

मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आता पट्टे नाहीत. आळी स्वतः खणून कुठे मीठ, कुठे रेती पुरली, यादी पेटीत बंद केली आणि नारळ मोजायचं काम मला दिलं. माझ्यावर पहारा ठेवतोस काय, असं विचारलं.

"तुज्यार नाय, माज्यार. मिया मोजलंय तर माका होया ताच गावतला."

आपण मोजलं तर आपल्याला हवं तेच सापडेल, असं स्वतःबद्दल कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सभेत बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून ते निघालं नसतं.

सभेनंतर हेडमास्तर घरी आले. पेटीतली यादी द्या, काचेत घालून शाळेत लावू म्हणाले. किल्ली आता माझ्याकडे आहे. यंदाचं मीठ आणि रेती तो पुरून गेला, अजून दोनदा नारळ उतरवायचे आहेत. ते मोजून होईपर्यंत कुठल्या माडाखाली काय आहे हे मला कळता कामा नये, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं.