हवाई बेटांऐवजी वेल्हे

आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एकेक तुलनात्मक निबंध लिहायला दिला. माझ्या वाट्याला आला तो असा: इथिओपियातले लोक आणि हवाई बेटांवरचे लोक यांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीची तुलना. मी तोवर पुण्याबाहेर फार तर आळंदीपर्यंत गेलेली. ग्रंथालयात इथिओपियावर एक जाडजूड पुस्तक सापडलं, त्यात सगळी राजेलोकांची चित्रं. हवाई बेटांवर सापडलं ते एका मासिकातलं एक पान, आणि त्या पानावर नारळाची झाडं. एवढ्या भांडवलावर मी काय कपाळ तुलना करणार होते?

त्याच आठवड्यात दत्तूमामा भोरहून आमच्याकडे आला. तो तिकडे शाळाखात्यात पर्यवेक्षक होता. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती आणि नव्या शाळा कुठे काढायच्या हे ठरवत तो डोंगरदऱ्या पालथ्या घालत असे. माझा विषय ऐकून तो पोट धरून हसला.

"दोन समाजच ताडून बघायचेत ना? मग समुद्र कशाला ओलांडतेस? माझ्याबरोबर वेल्ह्याकडे चल. डोंगर एकच आहे. खाली भात पिकवणारे, वर गुरं राखणारे धनगर. काय हवं ते विचार त्यांना."

प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, "येण्याजाण्याचं भाडं कॉलेज देणार नाही." मामा देणार म्हटल्यावर विषय बदलायला त्यांची काही हरकत उरली नाही. आईने मात्र तीन प्रकारच्या दशम्या, आल्याची वडी आणि एक मफलर एवढ्या अटींवर परवानगी दिली. या गोष्टीला आता सत्तर वर्षं होत आली. तुम्ही त्या बाजूला जायचा बेत करत असाल तर रस्ते, गाड्या सगळं बदललंय हे आधीच सांगून ठेवते; डोंगर मात्र तेवढाच उभा आहे, गुडघे आधी तपासून घ्या.

मार्गशीर्षातली सकाळ होती. स्वारगेटवरून एसटी निघाली. तेव्हा एसटी नवी होती आणि लोक तिच्यात बसताना पायरीला हात लावून नमस्कार करत. कात्रजचा घाट चढताना गाडी एवढी धापा टाकायला लागली की माझ्या शेजारच्या किकवीच्या बाईंनी मांडीवरची कोंबडी घट्ट धरली. बोगदा पार केल्यावर त्यांनी कोंबडी सैल सोडली आणि मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या. नसरापूरला मामा उभाच होता. खांद्याला खात्याची खाकी पिशवी आणि पायांत नाल ठोकलेल्या वहाणा. आम्ही आधी बनेश्वराच्या देवळाजवळ झाडीत बसून दशम्या खाल्ल्या. तुम्हीही तिथे थांबाच. भर दुपारी तिथली सावली अशी गार असते की उठावंसं वाटत नाही.

नसरापूर ते विंझर आम्ही बैलगाडीतून गेलो. आता शेअर रिक्षा अर्ध्या तासात सोडते, पण गाडीवानाच्या गप्पा त्यात येत नाहीत. त्याने राजगड दाखवला, तोरणा दाखवला आणि पुढे कुणाच्या म्हशीने कुणाची वांगी खाल्ली तेही दाखवलं. विंझरला काळा चहा मिळाला. दूध का नाही, असं मी विचारलं, तर चहावाला म्हणाला, "दूध वर डोंगरात. हितं फकस्त पानी मुबलक."

मुक्कामाची वाडी विंझरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथले तात्या म्हणजे वाडीतले जाणते शेतकरी. मंगळुरी कौलांचं घर, ओटीवर टांगलेला कंदील, थोरला मुलगा पुण्याला कामाला. वाडीत शाळा यावी म्हणून त्यांनी स्वतःच्या घराची एक खोली आधीच रिकामी करून ठेवली होती. त्या वर्षी खात्याकडे त्या भागासाठी एकच शाळा होती. ती एक तर या वाडीला मिळणार होती, नाही तर वरच्या धनगरवाड्याला. मुलं पुरेशी भरतील तिथे शाळा, हा खात्याचा नियम. मामाने तात्यांना मुलं विचारली. त्यांनी लगेच सगळी ओटीसमोर उभी केली, नाकं पुसून.

त्याच संध्याकाळी खळ्यावर आंबेमोहोराची रास लागली होती. वासाने भूक चाळवत होती. तात्या पायलीने भात मोजायला बसले आणि पहिली पायली ओतताना म्हणाले, "लाभ." मग म्हणाले दोन, मग तीन. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. मी मोठ्याने म्हटलं, "तात्या, एक म्हणायचं राहिलं. आणि एकूण किती होईल?"

तात्यांच्या पत्नी सोनाकाकू लगबगीने आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. मला वाटलं पाहुणचार. मग त्या कानाशी म्हणाल्या, "रास उचलंस्तवर किती म्हनून इचारू न्हाई, ताई. बरकत जाती. पयल्या पायलीला येक बी म्हनत न्हाईत." मी गूळ चघळत गप्प बसले. माझ्या निबंधातला पहिला मोठा आकडा असा तोंडातच विरघळला.

जेवताना मी वरच्या लोकांबद्दल विचारलं. सोनाकाकू तांदळाची भाकरी वाढत म्हणाल्या, "त्यांचं काय, लई सुखी मान्सं. दूधदुभतं मोप. आमाला च्यात घालाया थेंब न्हाई." तात्या म्हणाले, "पर रातीला दिवा न्हाई त्यांच्यात. अंदार पडला की झोपली." पुढे कळलं की भागूबाई नावाची एक बाई डोंगरावरून लोणी घेऊन उतरते आणि सोनाकाकूंकडून तांदूळ घेऊन चढते. कितीला किती, हे दोघींपैकी कुणीच कधी ठरवलेलं नव्हतं. लोण्याचा गोळा आला की सूप भरायचं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगर चढलो. पाचवारी साडी खोचून कारवीच्या झुडपांतून चढायचं म्हणजे दर वळणावर साडीचं आणि झुडपाचं भांडण. पाण्याची बाटली तुम्ही आठवणीने न्या. आम्ही नेली नव्हती. वर एकदम मोकळं पठार लागलं, पिवळं गवत आणि गार वारा. कारवीच्या कुडाची, गवताने शाकारलेली पाच-सहा घरं. एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी. मला तर ते फार आवडलं, उबदार आणि शेणाचा गोड वास असलेलं.

पण गंमत बघा. आम्ही शेवटचा चढ चढत होतो तेव्हा वर पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. आम्ही पठारावर पाऊल ठेवलं आणि सगळं चिडीचूप. एक पोर दिसेना. मामाची खाकी पिशवी पाहून देवी टोचणारे आले असं त्यांना वाटलं होतं आणि सगळी फौज गवतात पसार झाली होती.

भागूबाई पुढे आली. तिशीची, काटक, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिने आम्हाला घोंगडीवर बसवून तांब्याभर ताक दिलं, मग खरवस दिला, मग आणखी ताक. मी विचारलं, "म्हशी किती आहेत तुमच्या?"

"हायेत की, देवाच्या दयेनं."

"म्हणजे किती?"

"पुरत्यात." आणि ती हसली.

खालच्या लोकांबद्दल ती म्हणाली, "लई सुखी बगा ती. वाट हाय, गाडी हाय, दुकान हाय. आमाला मिठाला सुदीक डोंगर उतरावा लागतो." मी दोन्ही बाजूंचं 'लई सुखी' शेजारी शेजारी लिहून घेतलं. सुखी कोण हे काही कळेना, पण मला मजा यायला लागली होती.

मामाची मजा मात्र संपत आली होती. तो घराघरांतून मुलं विचारत फिरला. सगळीकडे तेच उत्तर. हायेत. देवानं दिल्यात. एक म्हातारी, तिला सगळे आवडाआजी म्हणत, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायेब, पोरं काय म्हशी हायेत मोजाया?" मी मनात म्हटलं, आजी, म्हशी तरी कुठे मोजू देता! दृष्ट लागेल म्हणून इथे कुणी जिवंत गोष्टीचा आकडा तोंडाने उच्चारत नव्हतं. मामाला दिसली ती पाळण्यातली दोन बाळं आणि एक तापाने निजलेला मुलगा.

"नाही भरत," मामा मला म्हणाला. "खाली डोळ्यांसमोर उभी आहेत. इथे मी कुठल्या आधारावर लिहू? शाळा खालीच जाईल." तो पिशवीचे बंद आवळायला लागला.

हे भागूबाईने ऐकलं. तिचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी तिच्यामागे घरात गेले. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "थोरल्याला खाली धाडला हुता शाळंला. पावसाळ्यात वढा भरला, चार म्हयने घरीच अडाकला, शाळा सुटली ती सुटलीच. आता धाकली हाय, कोंडी. दगडावर कोळशानं काय काय काडती. ह्या डोंगरावर शाळा न्हाई आली तर ती बी म्हशीमागंच."

मी तिला सरळ सांगितलं, "भागूबाई, मुलं मोजू दिली नाहीत तर शाळा येणार नाही. काल खाली मी रास मोजताना तोंड उघडलं तर माझ्या तोंडात गूळ कोंबला. मोजणं त्यांनाही नको असतं. तरी रास मोजतातच की, आपल्या रीतीने."

तिने म्हशीच्या पाठीवरचा हात काढला. चुलीपाशी गेली, उलथ्या तव्याची काजळी बोटांनी खरवडून थोड्या तुपात कालवली आणि बाहेर येऊन गवताकडे तोंड करून एक लांब आरोळी दिली, गुरांना देतात तशी. पोरं एकेक करून आली. गवतातून, झाडावरून, एक तर आमच्या पाठीमागच्या कणगीतून. ती प्रत्येकाच्या गालावर काळी तीट लावत गेली. आधी आपल्या कोंडीला, मग जावेच्या पोरांना, मग सगळ्या घरांच्या. एका घरची बाई पोराला मागे ओढायला लागली. भागूबाई तिला म्हणाली, "तुजं राहू दे मागं. पन शाळा आल्यावर त्याला दारात उभा करू नको." त्या बाईने क्षणभर विचार केला आणि पोराला पुढे ढकललं.

आवडाआजी अजून दारातच होती. भागूबाईने सगळी ओळ गोठ्याच्या कुडाला टेकवून उभी केली. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. "मोजा, सायेब," ती म्हणाली.

मामाने पहिल्या डोक्याकडे बोट केलं. "एक..."

"येक न्हाई," दारातून आवडाआजीचा आवाज आला. "लाभ म्हना."

मामा सरकारी माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि मोठ्याने म्हणाला, "लाभ. दोन. तीन..." ओळ संपेपर्यंत तो तसाच मोजत गेला. मला रडू आलं, ते मी ताकाच्या तांब्यात तोंड घालून लपवलं. मुलं नियमाला पुरून उरली.

उतरताना मामा शीळ वाजवत होता. खाली तात्यांना त्याने सगळं सांगितलं. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांनी खोली झाडून, सारवून ठेवली होती, वाईट वाटणं साहजिकच. मग म्हणाले, "आमची विंझरला जात्याल चालत. आमच्या वाटंत वढा न्हाई." सोनाकाकूंनी मात्र भागूबाईसाठी सूपभर तांदूळ बांधून एका चढणाऱ्या गुराख्याबरोबर पाठवले, लोण्याची वाट न बघता. आम्ही भोरला मामाच्या घरी जाऊन मामीच्या हातचं हुलग्याचं माडगं प्यालो आणि मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुण्याला परतले.

निबंधाला मला जेमतेम बरे गुण मिळाले. प्राध्यापक म्हणाले, "आकडे कुठे आहेत? निष्कर्ष कुठे आहे?" मी लिहिलं होतं की एका डोंगराच्या दोन टोकांवरची माणसं एकमेकांना आपल्याहून सुखी समजतात, आणि दोघांकडे जे नाही ते एकमेकांच्या डोक्यावरच्या टोपलीतून वर-खाली जात असतं. ते वाक्य त्यांनी लाल शाईने खोडलं. मला ते अजूनही बरोबर वाटतं. पण टोपलीतून शाळा जात नाही, हेही मी तिथेच शिकले. ती कुणाला तरी धिटाईने मागावी लागते.

गणपतीत मामा पुण्याला आला. जेवणं झाल्यावर मी आधी शाळेचंच विचारलं. जूनमध्ये उघडली, तो म्हणाला, एका रिकाम्या गोठ्यात. गुरुजींची एकच तक्रार होती, पोरं रोज हजेरीच्या आधी गाल काळे करून येतात आणि पुस्तकांना डाग पडतात. मामा पहिल्या दिवशी स्वतः गेला होता. गुरुजी नावं पुकारत गेले, पोरं हजर म्हणत गेली. यादी संपली तरी ओळीच्या शेवटी एक जण उरलं होतं. गुडघे पोटाशी घेऊन भागूबाई बसली होती, हातात पाटी, आणि आपल्याच गालावर आपल्याच हाताने लावलेली तीट.