'हव' म्हणजे हो नव्हे

साक्षीला बारा वर्षांत लोकांनी दारातून हाकललं, कुत्री अंगावर सोडली, एका घरी तर स्थळ घेऊन आली समजून कांदेपोहे खाऊ घातले. पण खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. ते तिच्याच पुण्याच्या कंपनीने म्हटलं, तेही ईमेलवर.

लोकांची मतं विचारत फिरणं हे तिचं काम. धम्मरत्न मास्तरांची ही लेक मंगरूळपीरकडच्या मालेगावहून स्कूटीवर निघायची आणि रस्ता हवा का, रेशन मिळतं का, कुणाचा कारभार बरा, असलं गावोगाव विचारायची. फॉर्म भरणारी म्हणून लागली आणि आता चौदा पोरींवर प्रमुख होती. अशात किन्हीराजा गावचे एकतीस फॉर्म अडले. टॅबवरच्या रेकॉर्डिंगमध्ये माणूस 'हव' म्हणतो, म्हणजे हो, आणि हिने लिहिलंय 'नाही'. कंपनीचे नवीन साहेब तपासायला स्वतः आले. लबाडी निघाली तर तिची नोकरी जाणार होती, आणि त्या चौदा जणींचीही.

त्या एकतिसांतले एक, म्हातारे ग्यानबा, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते; साहेब टॅब घेऊन त्यांच्यासमोर टेकले. साक्षी जय भीम करून दाराशी गप्प उभी राहिली. उत्तर देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हे तिनेच पोरींकडून घोटून घेतलं होतं.

"दवाखाना गावातून फाट्यावर न्यायचं चाललंय," साहेब म्हणाले.

"हव."

"न्यावा का?"

"हव."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. बाबा, बोला ना पुढं, असं तिला ओरडावंसं वाटत होतं. म्हातारा आपला शेंगा सोलतोय. साहेबांनी टॅबवर 'हो' दाबलं आणि ते उठले.

"मंग?" ग्यानबा म्हणाले. "पुढचं सांगा ना. कायले नेऊन राह्यले?"

"तुम्हीच हो म्हणालात ना?"

"मी कवा म्हनलो? तुमी बोलून राह्यले, मी आयकून राह्यलो. नेऊ नका म्हनतो मी. आमच्या बुढीले, भागिरथाले, दम लागते, फाट्यावर कशी जाईन ते?"

साहेब पुन्हा खाली बसले. टॅब प्रत्येक प्रश्नाचं पहिलं अर्धं मिनिटच रेकॉर्ड करत होता. खरं उत्तर त्यानंतर यायचं.

स्कूटीपाशी येईतो साहेब हसायला लागले होते. "सुटलात, मॅडम. हे 'हव' तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक असणार."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सुरुवातीचे फॉर्म कागदी होते, त्यांचं रेकॉर्डिंग कुठेच नव्हतं.

"ठाऊक होतं," साक्षी म्हणाली. "तरी पहिली दोन वर्षं मी 'हव' ऐकलं की 'हो' लिहायची. दिवसाला तीस फॉर्म भरायचे असायचे."

साहेबांचं हसू थांबलं. "काय प्रश्न होते तेव्हा?"

"मंगरूळपीरकडच्या एका गावची शाळा बंद करून शेजारच्या गावात न्यावी का, असा एक होता."

"मग?"

"नेली, साहेब."