बटणाएवढा गोल

संस्थेच्या भिंतीवर नवा तक्ता लागलाय. कुणी कुणाबरोबर संशोधन केलं ते गोल आणि रेघांनी दाखवलंय. ज्याच्या रेघा जास्त, त्याचा गोल मोठा. संस्थेच्या मोठ्या सरांचा परातीएवढा. मॅडमचा मात्र कडेला, बटणाएवढा. शाळा अर्धवट सोडून परगावाहून आलेल्या मला इथे कामाला लावलं ते त्यांनीच.

"असं कसं, मॅडम?"

"अगं सुमन, या सगळ्यांची सरांशी गाठ मीच घालून दिली. आता त्यांचं परस्पर जमतं." त्या हसल्या. "रेघा कमी म्हणून माझी प्रयोगशाळा बंद करतायत."

सोयरीक जुळवणाऱ्याला पुढे संसारात कुणी विचारत नाही, पण मांडवात टोपी-टॉवेल तरी देतात.

तेवढ्यात सर आले. "छान झालाय ना तक्ता?"

"छान," मॅडम म्हणाल्या.

मला सरांना रोजचा नमस्कार करवला नाही.